तमालेंच्या रांगेशेजारचं टेबल

कॉलेजच्या आर्थिक मदतीची माहिती देणारं टेबल कुठे मांडायचं यावर आमच्या समितीत जेवढा खल झाला, तेवढा मंचावर आधी कुणी नाचायचं यावरही झाला नाही. आदल्या वर्षी कॉलेजच्या आर्थिक मदतीचं मार्गदर्शन शाळेच्या ग्रंथालयात ठेवलं होतं, आठवड्याच्या मधल्याच एका संध्याकाळी. पत्रकं इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत छापली होती, बोलायला जाणकार माणसं होती. आले ते बहुतांशी असे पालक, ज्यांचं मोठं मूल आधीच कॉलेजात होतं. ज्यांच्यासाठी एवढा घाट घातला ते त्या वेळी दुसऱ्या पाळीवर होते. नाहीतर शाळेत जाऊन आपल्या कमाईचे आकडे परक्या माणसासमोर काढायचे, या विचारानेच घरी थांबले होते. पण त्याच शाळेच्या पटांगणावर सप्टेंबरात फिएस्टा, म्हणजे खाण्यापिण्याची आणि नाचगाण्याची जत्रा, भरली की हीच सगळी घरं आजी-आजोबांसकट येतात. मग टेबल तिथेच का नको? मक्याच्या पानात वाफवलेल्या तमालेंची रांग सुरू होते तिथे, मंचाकडे जायच्या वाटेवर. हातात ताट, कडेवर धाकटं, थोरली अजून तासाभराने नाचणार. माणूस निवांत असतो. अशा वेळी ओळखीच्या कुणीतरी विचारावं, "तुमचा मुलगा यंदा शेवटच्या वर्षाला ना?"

२०२३च्या सप्टेंबरात ते टेबल तिथे लागलं आणि त्यामागच्या खुर्च्यांपैकी एक माझी होती.

मी मूळची वर्ध्याची. टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओ शहरात राहायला येऊन बरीच वर्षं झाली. इथे एका दवाखान्याच्या बिलिंग विभागात काम करते, म्हणजे दिवसभर फॉर्म, कोड आणि विम्याचे नकार. शहराची वस्ती साधारण पंधरा लाख, आणि त्यातले साठ टक्क्यांहून अधिक लोक हिस्पॅनिक, म्हणजे मूळ स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखांतले. टेक्सस १८४५ साली अमेरिकेत सामील झालं त्याच्याही आधीपासून काही घराणी इथेच आहेत. काही जण गेल्या वर्षी होंडुरासहून आलेले. लष्करी तळांमुळे पोर्तो रिकोची माणसंही भेटतात. या सगळ्यांना एका शब्दात बांधता येत नाही, आणि फिएस्टाच्या कार्यक्रमपत्रिकेवरून तर दरवर्षी गोड भांडण होतं: हालिस्कोचे रंगीत घेरदार घागरे आधी की वेराक्रूझचे पांढरे झगे, आणि मध्य अमेरिकेच्या मुलांना वेळ किती.

अमेरिकेत १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा हिस्पॅनिक वारशाचा महिना म्हणून पाळतात. महिना दोन निम्म्यांत तोडलेला का, असं मला आधी वाटायचं. उत्तर सोपं आहे. १५ सप्टेंबर १८२१ला ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा आणि कोस्टा रिका स्वतंत्र झाले. दुसऱ्याच दिवशी, १६ला, मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन. १८१० साली मिगेल इदाल्गो या पाद्र्याने दोलोरेस गावात घंटा वाजवून लोकांना उठावाची हाक दिली, तो दिवस. १८ला चिलीचा राष्ट्रीय दिन. १९६८ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या काळात हा आधी एक आठवडा होता, १९८८ साली रेगन यांच्या सहीने त्याचा महिना झाला. जॉन्सन स्वतः तरुणपणी टेक्ससमधल्या कोटुला गावात मेक्सिकन मुलांच्या शाळेत मास्तर होते. शाळा आणि हा उत्सव यांची गाठ अशी पहिल्यापासूनच आहे.

माझी या समितीशी ओळख झाली ती मुलीच्या व्हायोलिनमुळे. ती शाळेत ऑर्केस्ट्रात होती आणि मैत्रिणींच्या मागोमाग मारियाचीच्या, म्हणजे मेक्सिकन पारंपरिक वाद्यवृंदाच्या, वर्गात गेली. इथे मारियाची हा शाळेतला रीतसर विषय आहे. सॅन अँटोनिओच्या शाळांत तो १९६०च्या दशकापासून शिकवला जातो आणि आता राज्य पातळीवर त्याच्या स्पर्धा होतात. व्हायोलिन, ट्रम्पेट, गिटार, पाच तारांची लहानशी विउएला, आणि खर्ज सांभाळणारा पोटासारखा फुगीर गिटार्रोन. पोशाख म्हणजे त्राहे: विजारीच्या दोन्ही बाजूंनी चंदेरी बोंडांची रांग, आखूड जाकीट, गळ्याला मोठा रंगीत मोन्यो, म्हणजे फितीची गाठ. एका त्राहेला काहीशे डॉलर पडतात, आणि मुलं तर वाढत असतात. म्हणून पालकांचं मंडळ पोशाख सांभाळतं, उसवतं, शिवतं आणि पुढच्या मुलाला देतं. मी बोंडं शिवायला गेले आणि तिथेच रमले. मुलीच्या मैत्रिणी मला 'तिया' म्हणू लागल्या, म्हणजे मावशी. तिथल्या ज्येष्ठ बाई, समितीच्या अध्यक्षा, मला 'मीहा' म्हणतात. पोरी. त्या सत्तरीच्या आहेत, मीही पन्नाशीच्या पुढे. परदेशात इतक्या वर्षांनी कुणीतरी पोरी म्हणावं याचं मोल मला ठाऊक आहे.

आमची संस्था लहान आहे. वर्षाला एक फिएस्टा, त्यातून उभ्या राहणाऱ्या पैशांतून वसंतात शिष्यवृत्त्या. प्रत्येकी हजार डॉलर. अमेरिकन कॉलेजच्या खर्चापुढे ही रक्कम फार मोठी नाही, आणि ती कुठे खर्च व्हावी यावर बराच विचार करावा लागतो, ते पुढे सांगते.

जून-जुलैतच तयारी सुरू होते. पटांगणाचं आरक्षण, विमा, तात्पुरत्या खाद्यविक्रीचे परवाने, प्रत्येक स्टॉलला हात धुण्याची सोय. घरी केलेले तमाले विकायला त्या वेळी टेक्ससच्या कायद्यात मुभा नव्हती, म्हणून चर्चचं परवाना असलेलं स्वयंपाकघर मिळवावं लागलं. कागदाचं हे सगळं काम माझ्याकडे आलं आणि मी ते मनापासून केलं.

तमाले करायला बायका जमतात त्याला तमालादा म्हणतात. मक्याची वाळलेली पानं आदल्या रात्री कोमट पाण्यात भिजत घालायची. मासा, म्हणजे मक्याचं भिजवलेलं पीठ, चमच्याच्या पाठीने पानावर पातळ फासायचा, मधोमध सारण, मग गुंडाळून तळाकडची बाजू दुमडायची, आणि मोठ्या पातेल्यात उभे रचून वाफवायचे. डुकराच्या मांसाचं सारण मुख्य, पण बाईंनी माझ्यासाठी पोब्लानो मिरचीच्या भाजलेल्या पट्ट्या आणि चीज घालून वेगळं पातेलं चढवलं. आता त्या पातेल्याला फिएस्टात वेगळी रांग लागते. दिवाळीआधी आमच्या वाड्यातल्या ओट्यावर चकल्या पडायच्या तेव्हा सोऱ्या कुणाचा, भाजणी कुणाची हे कुणी विचारत नसे. इथेही तसंच. हात चालू आणि तोंडही चालू. कुणाची पाळी बदलली, कुणाच्या भाच्याला अर्धवट शिकून काम धरावं लागलं, हे सगळं तिथे कळतं. शिष्यवृत्तीचा अर्ज कुणाच्या घरी पोचवायला हवा, याची खरी यादी त्या टेबलावर तयार होते.

मक्याचा मासा करण्याची रीत बघताना मला एक गोष्ट आठवली आणि मी ती सगळ्यांना सांगितली. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, मग चोळून धुऊन दळतात. त्याने साल सुटतं, पीठ चिकट होतं आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकतं. मेसोअमेरिकेतल्या बायकांनी हे हजारो वर्षांपूर्वी शोधलं. त्या मक्यावर आयुष्य घातलेला एक माणूस माझ्या गावचा होता. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे, वर्ध्याचे. टिळकांच्या प्रभावाने देशाबाहेर पडलेले क्रांतिकारक, गदर चळवळीतले. पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर त्यांनी काम केलं. आणि मला सर्वांत मोठं वाटतं ते हे: गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत शेतीशाळा चालवल्या. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराने मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना भाकरी वाटताना रंगवलं आहे. १९६७ साली नागपुरात त्यांचं निधन झालं. २०२२ मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला. वर्ध्यात लहानपणी मी त्यांचं नाव ऐकलं होतं, पण अर्थ लागला तो चर्चच्या स्वयंपाकघरात, मक्याच्या पिठाने माखलेल्या हातांनी. पुढच्या वर्षी फिएस्टातल्या इतिहासाच्या फलकांत एक फलक खानखोज्यांचा होता, आणि तो मेक्सिकन मुलांनी लिहिला होता.

समितीत एक आजोबा आहेत. फार बोलत नाहीत. एका बैठकीत कुणीतरी म्हणालं की एवढ्या खटपटीपेक्षा सरळ वर्गणी काढून धनादेश द्यावेत. तेव्हा ते बोलले. ते एजवूडचे. शहराच्या पश्चिमेकडची ही वस्ती, शाळेचा जिल्हाही त्याच नावाचा. इथे शाळांचा बराचसा खर्च त्या-त्या जिल्ह्यातल्या मालमत्ता करातून भागतो. १६ मे १९६८ला एजवूड हायस्कूलची सुमारे चारशे मुलं वर्गातून उठून अधीक्षकांच्या कचेरीवर चालत गेली. फुटक्या खिडक्या, मोडकी स्वच्छतागृहं, पात्रता नसलेले शिक्षक, या त्यांच्या तक्रारी. आजोबा त्या चारशेंत होते. त्यांच्या मागे पालक उभे राहिले. डेमेट्रिओ रॉड्रिगेझ नावाचे हवाई तळावर पत्र्याचं काम करणारे कारागीर पुढे झाले आणि त्याच उन्हाळ्यात शाळांना मिळणाऱ्या असमान पैशाविरुद्ध खटला दाखल झाला. एजवूडमध्ये एका मुलामागे वर्षाला ३५६ डॉलर खर्च होत होते, शहरातल्याच सधन अॅलामो हाइट्समध्ये ५९४. यात बोचणारी गोष्ट अशी की एजवूडचे लोक शंभर डॉलरच्या मालमत्तेमागे १.०५ डॉलर कर भरत होते आणि अॅलामो हाइट्सचे ०.८५. जास्त कर भरून कमी पैसा, कारण घरांची किंमतच कमी. २१ मार्च १९७३ला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा खटला फेटाळला. शिक्षण हा अमेरिकेच्या संविधानातला मूलभूत हक्क नाही, असं बहुमताचं म्हणणं. पण वस्ती थकली नाही. १९८४ साली एजवूडने राज्याच्या न्यायालयात नवा खटला घातला, आणि १९८९ साली टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एजवूडच्या बाजूने निकाल दिला.

आजोबांनी एवढंच सांगितलं की मुलं चालत गेली तेव्हा रस्त्याकडेच्या बायकांनी घराबाहेर येऊन त्यांना पाणी दिलं. त्या वर्षीपासून ते अशा प्रत्येक जत्रेत उभे राहतात. वर्गणीचा प्रस्ताव परत कुणी मांडला नाही.

हिस्पॅनिक आठवड्याची पहिली घोषणा आणि एजवूडच्या मुलांचा मोर्चा एकाच वर्षातला. हे कळल्यापासून मला मंच आणि टेबल वेगळे दिसतच नाहीत. ज्या लोकांनी नाचगाणं जपलं त्यांनीच शाळेसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. आपल्याकडेही जयंतीच्या मंडपात वह्यावाटप होतं, पण बहुतेकदा भाषणं संपली की मंडप उठतो. इथे मंडप उठल्यावर खरं काम सुरू झालं.

फिएस्टाच्या दिवसाबद्दल थोडकंच सांगते, कारण तो सुंदर होता आणि सुंदर दिवस सगळीकडे सारखेच असतात. ऊन कडक. पापेल पिकादोच्या कातीव कागदी पताका, हिबिस्कसच्या फुलांचं लालभडक हमायका सरबत, चिंचेचं सरबत (ते प्यायले की मी थेट वर्ध्याला जाऊन पोचते), लोतेरिया या हाउझीसारख्या खेळाच्या चित्रांच्या पट्ट्यांवर आज्या राजमा ठेवून खेळताहेत. मुलीच्या चमूचा गिटार्रोनवाला मुलगा गिटार्रोनपेक्षा जेमतेम उंच. लहान मुलींनी टाचा आपटत सापातेआदो केला तेव्हा मंचाच्या फळ्या दणाणल्या.

टेबलावर आम्ही काही नियम ठरवले होते. कुणालाही नागरिकत्वाबद्दल विचारायचं नाही. कुणाच्याही कागदाचा फोटो काढायचा नाही, प्रत ठेवायची नाही. पालकांशी बोलायचं ते त्यांच्या भाषेत, आणि मुलाला दुभाषा करायचं नाही, कारण मुलं आईबापांची काळजी घेत अर्ध्या गोष्टी गाळतात. माझी स्पॅनिश बेताची, म्हणून माझ्या शेजारी नेहमी एक कॉलेजची मुलगी बसायची. त्या दिवशी टेबलाशी गर्दी कमी झालीच नाही. बहुतेकांनी फॉर्म वगैरे काही भरला नाही. नाव आणि फोन देऊन गेले, एवढंच. पण एकदा ताट आमच्या टेबलावर ठेवून बोलले की पुढच्या वेळी चर्चच्या दालनात यायला तयार होते.

सर्वांत जास्त अडचण नावांची निघाली. स्पॅनिश बोलणाऱ्या घरांत दोन आडनावं असतात, पहिलं वडिलांकडचं, दुसरं आईकडचं. शाळेच्या नोंदीत एकच, सोशल सिक्युरिटी कार्डावर, म्हणजे सरकारी ओळख क्रमांकाच्या कार्डावर, दोन्ही, जन्मदाखल्यावर मध्ये 'दे ला' असलेलं आणखी वेगळं. सरकारी यंत्रणा अक्षर न् अक्षर ताडून बघते, आणि जुळलं नाही की अर्ज अडतो. माझ्या पासपोर्टवर वडिलांचं नाव, मग नवऱ्याचं नाव, मग आडनाव, असा प्रवास झालेला. त्यामुळे या दुखण्याचं निदान मला लगेच व्हायचं. आधी कार्ड काढा, त्यावर जसं आहे तसंच टंकायचं, घरात काय म्हणतात ते बाजूला. कित्येक अर्ज एवढ्यानेच सुटले.

फॉर्म म्हणजे एफएएफएसए, केंद्र सरकारच्या विद्यार्थी मदतीचा अर्ज. कॉलेजला जाणाऱ्या मुलाला पेल ग्रँट, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांसाठीचं केंद्राचं अनुदान, हवी तर हा भरावाच लागतो. त्या वर्षी पेल ग्रँट जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती, आणि ती परत फेडायची नसते. आमच्या हजारापुढे ही रक्कम बघा. म्हणून आमच्या शिष्यवृत्तीपेक्षा हा फॉर्म पुरा करून देणं, हेच आमचं मोठं काम आहे असं मी तेव्हाही मानत होते, आजही मानते. टेक्ससमध्ये २०२१-२२पासून बारावी पास होण्यासाठी हा फॉर्म किंवा राज्याचा तसाच अर्ज भरणं, नाहीतर तशी सूट लिहून घेणं सक्तीचं आहे. आमच्या भागातल्या कम्युनिटी कॉलेजांत २०२० पासून एक योजना आहे. बाकीची मदत वजा जाता उरलेली फी ते माफ करतात, पण तीही या अर्जाशिवाय मिळत नाही.

२०२४-२५ या वर्षासाठीचा फॉर्म नव्याने बनवलेला होता. पूर्वी प्रश्न शंभरावर होते, आता काहींना अठरातच काम होणार होतं. बदल चांगलाच होता. पण नेहमी १ ऑक्टोबरला उघडणारा फॉर्म त्या वर्षी डिसेंबरअखेरीस उघडला. आमचे सगळे शनिवार ठरलेले होते, दालन घेतलेलं होतं, पालकांनी पाळ्या बदलून घेतल्या होत्या. सगळं पुढे ढकलावं लागलं. आणि उघडल्यावर कळलं की ज्यांच्या आईबापांकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नाही त्यांचा अर्ज पुढे सरकतच नाही. पूर्वी अशा पालकांनी सहीचं पान छापून टपालाने पाठवलं की भागायचं. नव्या पद्धतीत पालकालाही स्वतःचं खातं हवं, त्याने स्वतः आत येऊन संमती द्यायची, आणि नेमकं तिथेच यंत्रणा अडकत होती.

ते महिने मला विसरता येत नाहीत. एक आई होती, हॉटेलांत खोल्या साफ करणारी. मुलगी अमेरिकेत जन्मलेली, वर्गात पहिल्या काही जणींत, हवा तो प्रवेश मिळालेला. आई दर आठवड्याला येऊन बसायची, चेहरा धुतलेला, कागद प्लास्टिकच्या पिशवीत नीट लावलेले. दर वेळी त्याच पडद्यावर गाडी थांबायची. ती मला म्हणाली, "माझ्यामुळे अडलंय का?" मी तिचा हात धरला आणि नाही म्हणून सांगितलं, कारण ते तिच्यामुळे नव्हतं. देशभर हजारो घरं त्याच पडद्यावर थांबलेली होती. तेव्हा मला माझे वडील दिसत होते. ईबीसीची सवलत मिळावी म्हणून तहसील कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ते असेच कपडे बदलून, असेच कागद नीट लावून जायचे. कारकुनाने परत पाठवलं तर घरी येऊन म्हणायचे, साहेब जागेवर नव्हते. आपल्यामुळे मुलीचं अडलं असं त्यांना मला कळू द्यायचं नव्हतं.

आम्ही दोन गोष्टी केल्या. प्रत्येक अडलेल्या अर्जाची तारीख, वेळ आणि पडद्यावरचा मजकूर एका वहीत लिहून ठेवला, म्हणजे कॉलेजला मुदत वाढवून मागताना पुरावा दाखवता यावा. आणि मुलांकडून कॉलेजच्या मदत कार्यालयांना पत्रं लिहवून घेतली. बहुतेक ठिकाणी मुदत वाढवून मिळाली. आमच्या संस्थेनेही स्वतःची मुदत पुढे नेली. मार्चमध्ये तो दोष दूर झाला. त्या आईचं खातं उघडलं त्या शनिवारी अध्यक्षाबाईंनी दालनात सगळ्यांना कोंचा वाटल्या, शिंपल्यासारखी नक्षी असलेले ते गोड पाव. आई खुर्चीत बसूनच राहिली आणि रडली. मुलगी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

मग आली निवड. अर्जांवरची नावं आणि शाळा झाकायच्या, प्रत्येक अर्ज दोघांनी स्वतंत्रपणे वाचायचा. जुन्या नियमात गुणांची एक खालची मर्यादा होती. त्यावरून मोठा वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. एका मुलाचे गुण त्या रेषेच्या खाली होते. निबंधात त्याने फार काही मागितलं नव्हतं. वडिलांच्या पाठीचं दुखणं निघाल्यापासून तो शाळेनंतर टायरच्या दुकानात काम करतो, दुकानाची वही ठेवतो, धाकट्या भावंडांना शाळेत सोडून मग स्वतः येतो, त्यामुळे पहिल्या तासाला उशीर होतो. पहिला तास गणिताचा. गणितातच गुण कमी. शिक्षक असलेल्या सदस्यांचं म्हणणं होतं की कष्ट करून गुण मिळवणाऱ्यांवर अन्याय नको, आणि त्यात तथ्य होतं. माझं मत मी मांडलं: 'नेतृत्वगुण' या रकान्यात आपण वादविवाद मंडळ आणि विद्यार्थी परिषदेला गुण देतो, तर घर चालवणाऱ्या मुलाला शून्य का? चर्चा रात्री उशिरापर्यंत चालली. शेवटी रेषा काढून टाकली, आणि त्या रकान्याचं नाव 'जबाबदारी' झालं. त्यात घरचं काम, नोकरी, आजाऱ्याची सेवा, सगळं धरलं. त्या मुलाला शिष्यवृत्ती मिळाली. शिक्षक सदस्यांनीच त्याला उन्हाळ्यात गणित शिकवायचं अंगावर घेतलं, हे मला त्या निर्णयाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

पैसे देताना आणखी एक खाच कळली, ती सगळ्या मंडळांनी ध्यानात ठेवावी. बाहेरची शिष्यवृत्ती मिळाली की काही कॉलेजं तेवढीच रक्कम स्वतःच्या मदतीतून कापतात. मुलाच्या हातात काहीच जादा येत नाही, वाचतात ते कॉलेजचे पैसे. मेरिलँडने २०१७ साली सरकारी कॉलेजांत यावर पहिल्यांदा बंधन आणलं, पुढे कॅलिफोर्नियासारख्या आणखी काही राज्यांनीही. आमच्या एका मुलीच्या पत्रात ही कपात स्पष्ट दिसली. आम्ही तिच्यासोबत बसून कॉलेजला पत्र लिहिलं: अनुदान कमी करू नका, कर्ज आणि मदतीपोटी करायचे कामाचे तास आधी कमी करा. त्यांनी ते मान्य केलं. न विचारता झालं नसतं. फी माफ असलेल्या कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना तर फीसाठी पैसे देऊन उपयोगच नाही. त्यांना पुस्तकं, कॅल्क्युलेटर, बसभाडं, नर्सिंगचा गणवेश यांसाठी हवे असतात. कराचा नियमही सांगावा लागतो. फी आणि सक्तीची पुस्तकं यांवर खर्च झालेली शिष्यवृत्ती करमुक्त, राहण्या-जेवणावर झालेली करपात्र. आता आम्ही मुलाला आधी विचारतो, त्याच्या कॉलेजचं मदतपत्र वाचतो, आणि मग ठरवतो की धनादेश कॉलेजच्या नावे काढायचा की मुलाच्या, एकदम द्यायचा की दोन सत्रांत.

तेव्हापासून काही गोष्टी सोप्या झाल्या, काही फार अवघड. टेक्ससने २००१ साली, देशात सर्वांत आधी, कागदपत्रं नसलेल्या पण इथल्याच शाळेत शिकलेल्या मुलांना राज्यातल्या रहिवाशांची फी लागू केली होती. जून २०२५मध्ये ती तरतूद न्यायालयाच्या आदेशाने संपली. फीचा आकडा एका रात्रीत कितीतरी पटींनी वाढलेली मुलं आमच्या टेबलाशी आली. त्यांच्यापैकी काही मला तिया म्हणणारी, मुलीबरोबर व्हायोलिन वाजवलेली. याने मला झालेलं दुःख मी लपवत नाही. आमच्या अर्जात नागरिकत्वाचा रकाना पूर्वीही नव्हता, आताही नाही. टेबलाशी एक खुर्ची आता स्थलांतराचा कायदा जाणणाऱ्या वकिलांची असते, कारण काही प्रश्नांना आम्ही उत्तर देणं धोक्याचं आहे. आणि माहिती कुठे जाईल या भीतीने जी घरं फॉर्म भरायलाच कचरतात, त्यांना आम्ही आग्रह करत नाही. काय भरावं लागतं, कोण बघतं, ते सांगतो आणि ठरवू देतो.

गर्दीच्या जागी यायला काही जण आता बिचकतात, फिएस्टालासुद्धा. म्हणून अध्यक्षाबाईंनी नवी जागा शोधली: वॉशटेरिया, म्हणजे नाण्यांवर चालणाऱ्या धुलाई यंत्रांचं दुकान. पश्चिमेकडच्या वस्तीत रविवारी सकाळी सगळी घरं तिथे कपडे घेऊन येतात. दुकानाच्या मालकांनी कोपऱ्यात घडीचं टेबल ठेवायला दिलं. कपडे धुऊन वाळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एक फॉर्म नीट भरून होतो. ऑक्टोबरपासून आम्ही तिथे बसतो. मी सोबत चिवडा नेते, कॉलेजची मुलगी तिचा लॅपटॉप आणते, आणि येताना सोशल सिक्युरिटी कार्ड असेल तर ते, नसेल तर नुसता करविवरणाचा कागद आणा, असं दारावर दोन्ही भाषांत लिहून लावलं आहे.